नॉब अडकत होता, बिल आलं ४१ हजारांचं (मॉरिस मायनरवाल्यांनी वाचाच)

जुनी गाडी ठेवणाऱ्यांसाठी लिहितेय, विशेषतः ज्यांच्याकडे दोरी ओढून सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारायची गाडी आहे त्यांच्यासाठी. आमच्याकडे बाबांची १९५९ ची मॉरिस मायनर १००० आहे, ९४८ सीसीवाली. चावी फिरवली की फक्त इग्निशन ऑन होतं, सेल्फ मारायला डॅशबोर्डवरचा नॉब ओढायचा, त्याच्या मागे केबल आणि केबलच्या टोकाला बॉनेटखाली लुकास या इंग्लिश कंपनीचा जाडजूड स्विच. सोलेनॉइड (विजेवर चालणारा स्विच) वगैरे भानगड नाही.

तर झालं असं की इंजिन चालू झालं तरी नॉब कधीकधी परत आत जायचा नाही, अर्धवट बाहेरच राहायचा आणि सेल्फ आपला घूंऽऽ करत फिरतच राहायचा, हाताने ढकलला की बंद. एवढीच तक्रार. पुण्याबाहेर एकाचं गॅरेज आहे, रॅलीला येतो, बऱ्याच जणांनी नाव सुचवलं म्हणून त्याला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, एकदा सेल्फ मारला, कान लावला आणि डायरेक्ट निकाल, आर्मेचर (सेल्फच्या आतला तारा गुंडाळलेला फिरता भाग) जळालंय, फ्लायव्हीलची रिंग (सेल्फ जिला फिरवतो ती इंजिनची दातेरी कडी) खाल्लीय, इंजिन उतरवावं लागेल. मी म्हटलं अहो पण सेल्फ तर लागतोय की, अडकतोय फक्त. तर म्हणे "ताई, तुम्हाला आवाजातलं नाही कळणार." वर अजून एक भीती घातली, ओरिजिनल लुकास माल नाही लावला तर व्हीए सीरिजचा (व्हिंटेज गाड्यांसाठीचा खास) नंबर मिळणार नाही! हे साफ खोटं आहे. २०२१ च्या व्हिंटेज नियमात ५० वर्षांपुढची गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी शेल, इंजिन यात मोठे बदल नकोत असं आहे, पाच इंची स्विचला कोण विचारतंय.

गाडी त्याच्याकडे कित्येक आठवडे पडून. व्हॉट्सॲपवर फोटो यायचे, चकचकीत रिंग, नवीन वायंडिंग, सगळे क्लोजअप, एकाही फोटोत आमची गाडी नाही. शेवटी हिशोब आला, वायंडिंग (आर्मेचरला नवीन तारा गुंडाळणं) ९,५००, रिंग १४,०००, इंजिन उतरवून चढवायची मजुरी १२,००० आणि "इंग्लंडचा न वापरलेला" स्विच ५,५००. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वर लागेल म्हणाला. जुने पार्ट मागितले तर भंगारात गेले.

आणि थोड्याच दिवसांत नॉब परत अडकला, या वेळी ढकलूनही आत जाईना, बॅटरीच्या वायरचं रबर वितळल्याचा वास आणि धूर. पान्याने बॅटरीचं टर्मिनल सोडवलं म्हणून वाचलो. (मायनरला प्लस अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, त्यामुळे आधी प्लस काढायचा, घाईत उलटं होतं आणि पाना बॉडीला लागून ठिणग्या उडतात. बॅटरी कट-ऑफ स्विच बसवून घ्या, खरंच.)

मग नाना पेठेतल्या एका इलेक्ट्रिशियनला घरी आणलं, ट्रक-ट्रॅक्टरचे सेल्फ करतो, व्हिंटेजचं नावही काढत नाही. त्याने काय केलं बघा. आधी केबल स्विचपासून सोडली आणि स्विचचा प्लंजर (आतबाहेर होणारा दांडा) नुसता अंगठ्याने दाबून सोडला. बॅटरी काढलेलीच होती. प्लंजर टक्कन वर आला. मग इकडे नॉब ओढला, तो जागचा हलता हलेना. म्हणजे मूळ दोष केबलचा, आत गंजून कोरडी ठाक पडलेली. केबल हळू सुटली की स्विचचे तांब्याचे कॉन्टॅक्टही हळू सुटतात, तिथून शेकडो अँपिअर करंट जात असतो, मग ठिणगी पडून ते खड्डे पडत पडत शेवटी एकमेकांना चिकटतात. केबलला त्या माणसाने बोटही लावलं नव्हतं, बिलात तिचा उल्लेखच नाही! "न वापरलेला" स्विच उघडला तर आत कॉन्टॅक्ट काळेकुट्ट, बाहेरून चंदेरी स्प्रे.

मल्टिमीटर असेल तर अजून सोपं, स्विचच्या दोन बोल्टवर मीटरच्या वायरी लावा, नॉब आत असताना बॅटरीचे पूर्ण बारा व्होल्ट दिसले पाहिजेत. शून्य दिसलं तर कॉन्टॅक्ट चिकटलेत. सेल्फ फिरताना मात्र उलट, अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे, जास्त आलं तर कॉन्टॅक्ट जळालेत. आणि नॉब ओढल्यावर लाइट मंद होतो पण काहीच फिरत नाही, तो वेगळा आजार, बेंडिक्स (सेल्फच्या शाफ्टवरचं पुढे सरकणारं दातेरी चाक) रिंगमध्ये अडकलेला असतो. तेव्हा सेल्फच्या मागे शाफ्टचं चौकोनी टोक असतं ते पान्याने फिरवलं की सुटतो. त्यासाठीही लोक इंजिन उतरवायचे पैसे घेतात म्हणे.

मग म्हटलं रिंग पण बघूच. सेल्फ काढून त्या भोकातून टॉर्च मारला आणि हँडलने इंजिन हळूहळू फिरवलं. दात दोन ठिकाणी झिजलेले. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक त्याच दोन जागी थांबतं म्हणून दात तिथेच खाल्ले जातात, नवीन रिंगला असं काही नसतं. बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरच्या कव्हरच्या) बोल्टवर तर तेल-धुळीचा थर जसाच्या तसा, पाना लागल्याची खूण नाही. इंजिन उतरवलंच नव्हतं.

सगळ्यात चीड आणणारं पुढे आहे. सेल्फच्या दोन्ही लांब बोल्टच्या डोक्यांवर काळा पेंट अखंड होता, म्हणजे पेंट केल्यावर उघडलेला नाही. ते ठीक, आधी उघडून मग पेंट केला असेल म्हटलं, म्हणून उघडला तर आर्मेचर जुनंच, ना नवीन दोरा ना व्हार्निश. पेंट खरवडला तर लुकासचा महिना-वर्षाचा ठसा निघाला, १९६४ चा. आमच्यावर फेब्रुवारी १९५९ चा होता, बाबांच्या वहीत नोंद आहे. आमचा चांगला सेल्फ काढून घेऊन कुणाचा तरी मोडका बसवून दिला आणि वर त्याचेच साडेनऊ हजार घेतले!

केबल नवीन करून घेतली, स्विचचे कॉन्टॅक्ट घासून घेतले, सगळं मिळून हजाराच्या आत. नॉब आता सोडला की खटकन आत.

त्या माणसाला फोन केला तर "जुन्या गाडीचं असंच असतं ताई" आणि नंतर ब्लॉक. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पुढे जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकलीय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पक्कं बिल नाही पण यूपीआयचे मेसेज आणि त्याचे ते व्हॉट्सॲप फोटो आहेत, त्यातला रिंगचा फोटो एका परदेशी दुकानाच्या साइटवरून उचललाय हेही सापडलं. गाडी देण्याआधी सेल्फ, डायनॅमो, कार्ब्युरेटर, सगळ्यांच्या ठशांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा, आमच्याकडे वही होती म्हणून बोलता तरी आलं.

आणि कुणाला लुकासचा एम३५जी सेल्फ विकायला आला, ठसा २ ५९, मागच्या झाकणावर पंचने मारलेले दोन ठिपके शेजारी शेजारी, तर कृपया घेऊन ठेवा आणि मला कळवा, पैसे देऊन सोडवून नेईन.