देगाची दोन कापूस-चित्रं: सरावाला आधी कोणतं घ्यावं?

फ्रेंच चित्रकार एदगार देगा १८७२ च्या शेवटी न्यू ऑर्लीन्सला आजोळी गेला आणि तिथल्या कापूस व्यापारावर १८७३ मध्ये त्याने दोन तैलचित्रं रंगवली. मामाच्या कचेरीचं मोठं चित्र (७३ × ९२ सेंमी) फ्रान्समध्ये पो शहराच्या संग्रहालयात आहे. तीन व्यापाऱ्यांचं लहान चित्र (सुमारे ५९ × ७२ सेंमी) हार्वर्डच्या फॉग संग्रहालयात आहे. अभ्यासासाठी प्रतिकृती करायची असेल, तर बहुतेक जण पोमधलं निवडतात आणि पाठीमागच्या माणसांपर्यंत पोचायच्या आतच दमतात.

त्या चित्राचा मोह पडतो हे खरंच. पुढे उंच टोपी घातलेले मामा मिशेल म्युसाँ बोटांत रुई ताणून धाग्याची लांबी पाहताहेत. विदर्भातल्या जिनिंगवर वावरलेल्याला ही बोटं लगेच ओळखू येतील. मध्ये देगाचा भाऊ रने वर्तमानपत्र वाचतोय, डावीकडे दुसरा भाऊ आशील खिडकीला रेललाय, उजवीकडे खातेवही उघडी आहे. चौदा माणसं, आणि प्रत्येक जण आपल्याच कामात. १८७८ मध्ये पोच्या संग्रहालयाने हे चित्र विकत घेतलं. देगाचं चित्र संग्रहालयाने घेण्याची ती पहिलीच वेळ.

पण हे चित्र रेखाटनाचं आहे. जमीन वर चढत गेल्यासारखी दिसते. नकळत ती सपाट केली की मागची माणसं पुढच्यांच्या पाठीला चिकटतात. म्हणून आधी माणसं काढूच नका. ३६.५ × ४६ सेंमीच्या कागदावर डावीकडच्या काचेच्या भिंतीच्या रेषा पट्टीने लांबवून त्या कुठे मिळतात ते पाहा, मग टेबल आणि खुर्च्या, आणि शेवटी माणसं. दुसरी अडचण काळ्या कोटांची. नळीतला काळा थेट लावला तर सगळे कोट एकच डाग होतात. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून एक थंड आणि एक उबदार काळा तयार ठेवा.

हार्वर्डच्या चित्रात हे ओझं नाही. तीन माणसं, फिकट भिंत आणि पुढे टेबलभर पसरलेला कापूस. चित्रकार मित्र टिसोला लिहिलेल्या पत्रात देगाने स्वतःच या दुसऱ्या चित्राला कमी गुंतागुंतीचं आणि कलेच्या दृष्टीने सरस म्हटलं होतं. शिकणाऱ्यासाठी त्याचं म्हणणं मला पूर्ण पटतं. इथली कसोटी एकच, पांढरा रंग. शुद्ध पांढऱ्याने सुरुवात केली की उजेडासाठी वर जागाच उरत नाही आणि कापूस चुन्यासारखा दिसतो. भिंत आधी रंगवा. मग पांढऱ्यात किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि अल्ट्रामरीन घालून कापसाचा मधला राखाडी टोन पसरा, सावल्या पातळ ठेवा. शुद्ध पांढरा शेवटच्या चार-पाच जाड फटकाऱ्यांपुरताच. खालचा थर ओला असताना ते मारले तर राखाडी वर येतो आणि सगळं मळकट होतं, तेव्हा थर हाताला कोरडा लागेपर्यंत थांबा.

३० × ३६.५ सेंमीचा कॅनव्हास पुरतो. रंगात आधी हेच करा. पोमधलं तोवर फक्त पेन्सिलीत घ्या, पण घ्या नक्की. रंगात ते करायची घाई नको: काळ्याच्या दोन छटा कोरड्या झाल्यावरही वेगळ्या ओळखू येऊ लागल्या की मग कॅनव्हास ताणा.