निळं पेन, स्टीलची निब: सफारी, काकुनो की इको?

फाउंटन पेन निळं हवं आणि निब स्टीलची चालेल, एवढं ठरलं की शोध बहुतेक वेळा तीन नावांपाशी येऊन थांबतो: जर्मनीचं लॅमी सफारी, जपानचं पायलट काकुनो आणि तैवानचं ट्विस्बी इको. तिन्ही माझ्या टेबलावर आहेत आणि रोजची पाच-सहा पानं मी त्यांतल्याच एखाद्याने लिहितो. निबच्या दर्जावरून या तिघांत निवड करायला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिन्हींच्या निबा चांगल्या आहेत. खरा फरक पडतो तो बोटं कुठे टेकतात, शाई कशी भरावी लागते आणि चार दिवस हात लावला नाही तर पेन पुन्हा कसं सुरू होतं, यांत.

स्टीलबद्दल मनात किंतु असेल तर तो आधी काढून टाकू. सोन्याच्या निबने लिहितानाही कागदाला सोनं टेकत नाही. निब सोन्याची असो वा स्टीलची, तिच्या टोकावर अतिशय कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो आणि कागदावर तोच फिरतो. अक्षर गुळगुळीत उमटणार की खरखरत, हे त्या मण्याला दिलेल्या आकारावर आणि पॉलिशवर अवलंबून असतं. पूर्वी सोनं वापरण्यामागे मोठं कारण होतं ते आम्लयुक्त शाईचं. साधं पोलाद त्या शाईत गंजायचं, सोनं टिकायचं. स्टेनलेस स्टील आल्यावर ती अडचण बरीचशी संपली. सोन्याची निब बहुधा थोडी लवते, स्टीलची ताठ राहते. बॉलपेनने वर्षानुवर्षं दाबून लिहिलेला हात असेल तर सुरुवातीला हा ताठपणाच बरा, कारण लवणारी निब दाबाने फाकण्याची भीती असते.

सफारी 1980 साली बाजारात आलं, शाळकरी मुलांसाठी. वोल्फगांग फाबियान यांनी केलेली त्याची घडण आजही जवळपास तशीच आहे. अंग मजबूत एबीएस प्लॅस्टिकचं, वर वाकवलेल्या तारेसारखी मोठी क्लिप, आणि नळीला एक खिडकी, ज्यातून शाई किती उरली ते दिसतं. निळा रंग भरदार आणि चकचकीत. पण सफारी घ्यायचं की नाही याचा निकाल लागतो पकडीवर. अंगठा आणि तर्जनी टेकतात तिथे दोन सपाट उतार दिले आहेत. शाळेत शिकवतात तशी तीन बोटांची पकड असेल, तर बोटं आपोआप जागेवर बसतात आणि निब दर वेळी योग्य कोनात कागदाला लागते. नवख्या माणसाला याचा फार उपयोग होतो, कारण निब किंचित जरी कलली तरी तिची एक बाजू कागदावरून उचलली जाते आणि रेघ तुटते. याउलट, अंगठा तर्जनीवर चढवून धरायची सवय असेल किंवा लिहिता लिहिता पेन बोटांत फिरत असेल, तर त्या उतारांच्या कडा पाऊण पानातच टोचू लागतात.

हे पेन न घेताही तपासता येतं. हातातल्या कुठल्याही पेनने दहा ओळी लिहा, मध्येच थांबा आणि बोटं न हलवता पाहा. अंगठ्याचं आणि तर्जनीचं पेर समोरासमोर, साधारण एकाच उंचीवर असेल तर सफारी बिनधास्त घ्या. तसं नसेल तर सवय होईल या आशेवर राहू नका. हात दुखत असेल तर माणूस पेन बाजूला ठेवतो, सवय लावत बसत नाही.

सफारीचा दुसरा मोठा गुण म्हणजे त्याची निब सरळ पुढे ओढून काढता येते आणि दुसरी बसवता येते. अतिबारीक, बारीक, मध्यम, जाड, डावखुऱ्यांसाठीची, शिवाय 1.1, 1.5 आणि 1.9 मिलिमीटरच्या सपाट टोकाच्या सुलेखनाच्या निबा, सगळं एकाच पेनवर चालतं. पहिली जाडी चुकली म्हणून नवं पेन घ्यावं लागत नाही. मर्यादा एकच: कार्ट्रिज, म्हणजे शाई भरलेली तयार नळी, लॅमीचीच लागते, आणि दौतीतली शाई वापरायची तर ती ओढून घेणारी नळी, म्हणजे कन्व्हर्टर, तोही त्यांचाच.

काकुनो पायलटने 2013 मध्ये मुलांसाठी काढलं. निबवर चक्क हसरा चेहरा कोरलेला आहे. तो आपल्याकडे पाहत असेल तर निब सुलट धरली आहे, इतकी सोपी खूण. अंग षटकोनी, त्यामुळे क्लिप नसूनही पेन घरंगळत नाही. मात्र क्लिप नाही म्हणजे खिशाला अडकवायची सोय नाही. निळं म्हणाल तर राखाडी अंगावर निळं टोपण, अशी त्याची मूळ जोडी आहे. पूर्ण निळ्या पेनाची हौस असेल तर ती इथे अर्धीच भागेल. वजन फार कमी. पकडीचा भाग हलकासा त्रिकोणी आहे, पण सफारीसारखा हट्टी नाही.

काकुनोची खरी ताकद बारीक रेघेत आहे. जपानी निबा साधारणपणे युरोपीय निबांपेक्षा एक पायरी बारीक असतात. काकुनोची बारीक निब आणि सफारीची बारीक निब शेजारी शेजारी चालवली की हे लगेच दिसतं. आपल्या लिपीला हा फरक महत्त्वाचा आहे. क्ष, ज्ञ, ष्ट्य अशी जोडाक्षरं लहान आकारात लिहायची तर जाड निबने त्यांची पोटं भरून जातात आणि रफार, अनुस्वार एकमेकांत मिसळतात. अक्षर लहान असेल, समासात टिपणं करायची असतील किंवा कागद पातळ असेल, तर मी डोळे मिटून काकुनोची बारीक निब सुचवीन. टपोरं अक्षर असणाऱ्याला मात्र ती रेघ कोरडी वाटेल. त्याने काकुनोची मध्यम घ्यावी, नाहीतर सफारीची बारीक.

इको वेगळ्याच जातीचं आहे. त्यात कार्ट्रिज नाही, कन्व्हर्टर नाही. मागची खुंटी फिरवली की पिस्टन, म्हणजे आतला सरकता दट्ट्या, शाई थेट पेनाच्या नळीत ओढून घेतो. मावते सुमारे पावणेदोन मिलिलिटर. पायलटच्या लहान कॉन-40 कन्व्हर्टरमध्ये जेमतेम 0.4 मिलिलिटर मावते, यावरून अंदाज करा. परीक्षेचे, प्रबंधाचे किंवा नुसते डायरीचे लांबलचक दिवस असतील तर हा फरक जाणवतो. इको निळ्या छटांत मिळतं. पण मला त्याहून आवडतं ते साधं पारदर्शक इको निळ्या शाईने भरलेलं. शाईचाच रंग पेनाला चढतो आणि लिहिता लिहिता तो पेनातून कागदावर उतरत जाताना दिसतो. मला तरी तीच निळाई सगळ्यांत खरी वाटते.

पकड गोल आहे, कुठलीही सक्ती नाही. टोपण आट्यांचं, आत घट्ट बसणारं. म्हणून काही दिवस पडून राहिलं तरी निब सहसा ओली राहते. सोबत छोटा पाना आणि सिलिकॉन ग्रीस मिळतं, म्हणजे पेन उघडून पिस्टनला वंगण देणं घरच्या घरी होतं. पण घाईत एखादा शब्द टिपायचा, पुन्हा बंद करायचं, असं दिवसातून पन्नास वेळा करणाऱ्याला आट्या उलगडायचा कंटाळा येईल. त्याला खटकन उघडणारी सफारी-काकुनोची टोपणंच बरी. शिवाय शाईचा रंग दर आठवड्याला बदलणाऱ्याने इकोच्या वाटेला जाऊ नये. पिस्टनची नळी स्वच्छ करायला पाणी बऱ्याच वेळा आतबाहेर करावं लागतं. कार्ट्रिजच्या पेनाची निब नळाखाली धरली की बरंचसं काम होतं.

म्हणजे पहिलंच फाउंटन पेन असेल आणि पकडीची चाचणी जमली असेल तर सफारी. चाचणी फसली किंवा अक्षर लहान असेल तर काकुनो. आधी एखादं शाईचं पेन वापरून झालं असेल, दौत घरात असेल आणि रोज पानं भरत असतील तर इको. मला एकच ठेवायला सांगितलं तर मी इको ठेवीन, पण पहिलं पेन म्हणून ते कुणाच्या हातात देणार नाही.

शाई कोणती, हे पेनाइतकंच नीट ठरवा. रॉयल ब्लू नावाने मिळणाऱ्या बहुतेक शाया पाण्याने धुतल्या जातात. पेनासाठी त्या सगळ्यांत निर्धोक, पण पाण्याचा थेंब पडला की अक्षर विरघळतं आणि उन्हात फिकटही होतं. सह्या आणि जपून ठेवायचे कागद यांसाठी लोहयुक्त आयर्न गॉल निळी-काळी किंवा पिगमेंटची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची, निळी शाई लागते. तशी शाई पेनात ठेवून विसरायची नाही. मी एकदा पिगमेंटची शाई भरलेलं पेन दोन महिने ड्रॉवरमध्ये विसरलो होतो. निबखालच्या फीडच्या, म्हणजे निबपर्यंत शाई पोचवणाऱ्या भागाच्या, बारीक खाचांत ती अशी वाळली की तीन दिवस कोमट पाण्यात बुडवूनही पूर्वीचा प्रवाह आला नाही. चित्रकलेची, लाख घातलेली इंडिया इंक तर तिघांपैकी कुठल्याच पेनात घालू नका. आणि नवं पेन पहिल्यांदा भरण्याआधी साध्या पाण्याने एकदा धुऊन घ्या. घडणीच्या वेळचं तेलाचं बोट आत राहिलेलं असू शकतं, आणि पहिल्याच पानावर अडखळणाऱ्या निबचं कारण बऱ्याचदा तेवढंच असतं.