काळ्या गाडीचे ओरखडे: हातानं घासायचं, मशीन घ्यायची, की गॅरेजवाल्याकडे टाकायची?

काळी गाडी घेताना घरातलं कोणीतरी म्हणतंच, "पांढरी घे." ऐकत कोणी नाही. मग एक पावसाळा जातो, पांदणीतून शेतावर जाता-येता दोन्ही अंगाच्या बाभळी दारांवर रेघा ओढतात, आणि हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात बॉनेटवर कोळ्यानं जाळं विणल्यासारख्या गोल बारीक रेषा दिसायला लागतात. माझी गाडी दर्यापूरकडची, म्हणजे खारपाणपट्ट्यातली, जिथं जमिनीखालचं पाणीच खारट. त्यामुळे रेषांच्या जोडीला बोरच्या पाण्याचे पांढरे ठिपके. वर भर म्हणून तान्ह्या पोळ्याला शेजारच्या पोरानं डिकीवरच्या वाळल्या चिखलात बोटानं बैल काढला होता. चिखल धुतला, बैल तिथंच.

खर्चाचा विचार करण्याआधी ओरखडा किती खोल आहे ते बघा. गाडी धुऊन ओरखड्यावर पाणी टाका. ओला असताना तो दिसेनासा झाला, तर तो वरच्या पारदर्शक थरातच आहे आणि पॉलिशनं बहुधा जाईल. नख आडवं फिरवल्यावर अडकलं, तर पॉलिशनं तो पुसट होईल, जाणार नाही. आत पांढरं-करडं प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर पॉलिशचा विषयच संपला. गाडीच्या स्टिकरवरचा रंगाचा कोड बघून टच-अप पेन आणा, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. गाडी जुनी असेल किंवा एखादं दार पुन्हा रंगवलेलं असेल, तर पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. फडकं काळं झालं तर वर पारदर्शक थर नाही, तुम्ही थेट रंग काढताय. तिथं हात आणखी हलका ठेवा.

कारखान्यातून आलेला हा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केससुद्धा त्याहून जाड भरतो. पॉलिश ओरखडा भरत नाही. आजूबाजूचा थर झिजवून ओरखड्याच्या तळापर्यंत आणतं. उपसलेल्या विहिरीत पाणी पुन्हा झिरपतं, क्लिअर कोट झिरपत नाही. म्हणून मी तिन्ही पर्याय एकाच मापानं मोजले: कमीत कमी थर जाऊन कोणता चालेल?

हातानं. तालुक्याच्या ठिकाणी ऑटो पार्टच्या दुकानात रबिंग कंपाउंडचा, म्हणजे घासायच्या दाणेदार पॉलिशचा डबा मिळतो. खर्च काही शेकड्यांत. दाराच्या कडीमागचे नखांचे ओरखडे किंवा एखादी एकटी रेघ यासाठी हात पुरतो. पण पूर्ण बॉनेट हातानं करायला बसलात तर दोन गोष्टी होतील: खांदा जाईल, आणि दाब कुठे जास्त कुठे कमी पडून काळ्या रंगावर धुरकट पट्टे उठतील. पांढऱ्या गाडीवर हे पट्टे कोणाला दिसत नाहीत. काळा रंग स्वतः प्रकाश फारसा परत फेकत नाही, त्यामुळे रेषेची चमकणारी कड लगेच डोळ्यात भरते. आणखी एक, जुन्या पद्धतीचं जाड दाणेदार कंपाउंड काळ्या गाडीला लावूच नका. 'फिनिशिंग पॉलिश' किंवा 'फाइन' लिहिलेलं घ्या.

गॅरेजवाल्याकडे. आमच्याकडचा डेंटिंग-पेंटिंगवाला म्हणाला होता, "भाऊ, अर्ध्या घंट्यात आरशावानी करून देतो." केलीही. त्याच्याकडचं मशीन रोटरी, म्हणजे एकाच आसावर गरागरा फिरणारं, त्यावर लोकरीचा पॅड. चांगल्या हातात हे मशीन सगळ्यात जलद काम करतं. पण एका जागी क्षणभर जास्त थांबलं की रंग तापतो, आणि कडांवर, जिथे थर मुळातच पातळ असतो, आतला रंग उघडा पडतो. माझ्या गाडीला भाजलं नाही, पण दोन धुण्यांनंतर जुन्या रेषा परत आल्या आणि सोबत उन्हात हलणाऱ्या लाटांसारखे नवे पट्टे. रेषा गेल्याच नव्हत्या, तेलकट पॉलिशनं बुजवल्या होत्या. काम ताब्यात घेताना एका कोपऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेवढंच पाणी मिसळून पुसा, मग उन्हात बघा. काम खरं असेल तर तसंच दिसेल. सावलीत, ओली गाडी ताब्यात घेऊ नका.

अमरावती-नागपूरकडे डिटेलिंगची, म्हणजे गाडीची बारकाईनं सफाई-पॉलिश करणारी चांगली दुकानं आहेत, तिथे थराची जाडी मोजायचं यंत्रही असतं. पैसे असतील आणि गाडी दोन दिवस सोडता येत असेल तर हा रस्ता वाईट नाही. फक्त घरी आल्यावर धुण्याची जुनी पद्धत चालू राहिली तर सहा महिन्यांत पैसे मातीत.

स्वतःचं डीए मशीन. माझं मत इथेच पडतं. डीए म्हणजे ड्युअल अॅक्शन: पॅड फिरतो आणि फिरताना हेलकावेही खातो. जास्त दाबलं तर फिरणं थांबतं, त्यामुळे नवख्याकडून रंग जाळणं अवघड. माझं मशीन साडेपाच हजारांत आलं. दोन-तीन फोमचे पॅड, पॉलिशची बाटली, मायक्रोफायबरची फडकी धरून आठापर्यंत गेलं. गावात दोघाचौघांकडे गाड्या असतील तर वर्गणी काढून घ्या, हे रोज लागणारं मशीन नाही.

काम असं: गाडी धुऊन क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून घेणारी मातीसारखी वडी, ओल्या पत्र्यावर फिरवा, नाहीतर चिकटलेली धूळ पॅडखाली सापडते. रबर आणि कडांना मास्किंग टेप. पॅडवर चार थेंब पॉलिश, दीड-दोन फुटांचा चौकोन, आधी कमी वेगावर पसरवायचं, मग मध्यम वेगावर आडवे-उभे तीन-चार हात, सावकाश. पुसून बघायचं. सुरुवात मऊ पॅड आणि फाइन पॉलिशनं. रेषा हटल्या नाहीत तरच एक पायरी कडक. मी उलट केलं, कटिंग कंपाउंडनंच, म्हणजे सगळ्यात कडक पॉलिशनंच सुरू केलं, आणि बॉनेटवर आलेली धुरकट झाक काढायला अख्खा रविवार गेला.

इथल्या दोन अडचणी मशीनच्या डब्यावर लिहिलेल्या नसतात. पहिली ऊन. पत्रा हाताला गार लागला पाहिजे, नाहीतर पॉलिश पसरायच्या आत वाळतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हा उद्योग करू नका. दिवाळीनंतरच्या सकाळी, गोठ्याच्या सावलीत, वाऱ्याआधी. दुसरी वीज. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून एकेक पॅनेल पुरं करा.

आता संरक्षण, आणि इथे दुकानदाराची जीभ जास्त चालते.

कार्नोबा मेण काळ्या रंगावर सगळ्यात देखणं दिसतं, याबद्दल वाद नाही. ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, आणि आपल्या उन्हात काळं बॉनेट त्याच्या फार मागे नसतं. थंडीत लावलेलं टिकतं, उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत पाण्याचे थेंब न होता ते सपाट पसरायला लागतं, म्हणजे मेण गेलं. हौस असेल तर लावा.

फवारून पुसायचं सिंथेटिक सीलंट तेवढं खोल दिसत नाही, पण उष्णता सोसतं, लावायला पंधरा मिनिटं, वर्षातून तीन-चार वेळा. मी हेच लावतो.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर घट्ट बसणारा काचेसारखा पातळ थर, पंधरा-वीस हजारांपासून पुढे. धूळ लवकर निघते, पक्ष्यांची घाण चिकटून बसत नाही, वर्ष-दोन वर्ष टिकतं. पण '९एच कडक' ऐकून बाभळीचा काटा थांबेल असं समजू नका. ९एच ही पेन्सिलच्या कडकपणाची मोजणी आहे, त्या पेन्सिलीनं ओरखडा उठत नाही एवढंच, काट्याची नव्हे. शिवाय कोटिंगखाली राहिलेल्या रेषा कोटिंग निघेपर्यंत तिथेच कोंडल्या जातात, म्हणून आधी पॉलिश करावंच लागतं. बोरचं खारं पाणी त्यावरही डाग पाडतं.

काट्याला खरोखर अडवते ती पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म. क्लिअर कोटच्या तिपटी-चौपटीनं जाड, आणि तिच्यावरचे बारीक ओरखडे उष्णतेनं आपोआप भरून येतात. तेवढं ऊन आपल्याकडे फुकट आहे. पण पूर्ण गाडीला लाखाच्या घरात जाते. रोज पांदणीतून जाणाऱ्यानं फक्त दारांचा खालचा भाग आणि आरसे झाकले तरी पुष्कळ.

बॉडी कव्हर मात्र आमच्याकडे संरक्षण म्हणून घेतात आणि तेच गाडी खरवडतं. वाऱ्यानं कापड हलतं, खाली धूळ, झालं सँडपेपर. चार बल्ल्या रोवून वर हिरवी जाळी बांधा.

पाण्याचं राहिलं. आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरणारे मी पाहिलेत. त्यात तर क्षार आणखी जास्त असतात. पावसाचं पत्र्यावरून साठवलेलं पाणी शेवटच्या धुण्याला ठेवा, बोरनं धुतली तर ऊन लागायच्या आत पुसा. जुन्या ठिपक्यांवर पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर मिनिटभर ठेवून धुतलं की बरेचसे निघतात. आणि सकाळी कोरड्या दुपट्ट्यानं गाडी झटकणं बंद करा. माझ्या बॉनेटवरचं अर्धं जाळं त्या दुपट्ट्यानंच विणलं होतं.

बैलाचं म्हणाल तर डीए मशीनच्या दोन फेऱ्यांत अंग आणि पाय गेले. शिंगं खोल होती, नख अडकत होतं. तिसरी फेरी मी मारली नाही.