एअर रायफल की पॉइंट टू-टू?

नेमबाजीत अभिनव बिंद्राचं 2008 चं ऑलिंपिक सुवर्ण 10 मीटर एअर रायफलचं, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या रायफलचं, तर आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून), म्हणजे पॉइंट टू-टूचं, 0.22 इंची काडतुसाच्या रायफलचं. नवख्याने कुठून सुरुवात करावी?

कागदपत्रांचं बघाल तर तुलनाच नाही. 4.5 मिमीची, 20 ज्यूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. पॉइंट टू-टूसाठी मात्र शस्त्र कायद्याखालचा परवाना, म्हणजे पोलीस पडताळणी आणि थांबणं. गोळ्यांचाही हिशेब ठेवावा लागतो.

सरावाचंही तसंच. 10 मीटरची जागा एखाद्या हॉलमध्येही मावते, छर्रे स्वस्त. 50 मीटरला खरी रेंज हवी, आणि वाऱ्याशी गाठ पडते (ती मजा वेगळीच!). पण एअरला सोपी समजू नका: दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. श्वास, ट्रिगर, उभं राहणं सगळं तिथेच घडतं.

माझं मत: वर्षभर एअरच, तीही क्लबची. नेमबाजीचं जाकीट मात्र स्वतःच्या मापाचं शिवून घ्या, उसनं अंगात नीट बसत नाही.