मास इफेक्ट लेजंडरी एडिशन, सात महिन्यांनंतर: ॲड-ऑन सगळे मिळाले, क्रम कोणी सांगितला नाही

आधी पैशांचं बोलू. मास इफेक्ट या बायोवेअरच्या अंतराळातल्या व्हिडिओ गेमचे तीन भाग सुटे घेऊ नका. जुनी डिस्क कितीही स्वस्त मिळाली तरी तिच्यात ॲड-ऑन, म्हणजे मूळ खेळाला नंतर जोडलेल्या जादा मोहिमा, नसतात. दुसऱ्या भागाचे ॲड-ऑन त्या काळी बायोवेअर पॉइंट्समध्ये विकले जायचे: कासुमी 560, शॅडो ब्रोकर 800. पॉइंट ठरावीक गठ्ठ्यांतच मिळत, म्हणून थोडे उरून वाया जायचेच. 14 मे 2021 ला आलेल्या लेजंडरी एडिशनमध्ये तिन्ही भाग आणि 40 हून जास्त ॲड-ऑन एकत्र आहेत. फक्त पहिल्या भागाचं पिनॅकल स्टेशन हे ॲड-ऑन नाही, कारण त्याचा सोर्स कोडच खराब झाला होता. तिसऱ्या भागाचं मल्टिप्लेअरही काढलंय. पूर्ण किमतीला घेण्याची गरज नाही, सेलमध्ये ती निम्म्याहून खाली येते. जुन्या खेळांचे सेव्ह इथे चालत नाहीत, म्हणजे सुरुवात पहिल्यापासूनच.

पीसीवर 120 जीबी जागा लागते. चवथीच्या सुट्टीत खेळायचं असेल तर डाउनलोड आठवडाभर आधी लावा, मोबाईल हॉटस्पॉटच्या भरवशावर राहू नका. पावसात फोंडा-डिचोलीकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि पहिल्या भागाचा ऑटोसेव्ह अजून विरळच आहे. प्रत्येक लढाईआधी हाताने सेव्ह करा. सेव्ह फाइल्स डॉक्युमेंट्समधल्या बायोवेअर फोल्डरमध्ये असतात, प्रत्येक भाग संपला की त्यांची पेन ड्राइव्हवर प्रत काढा. पहिल्या भागातले निर्णय तिसऱ्यापर्यंत जातात. ती फाइल गेली की सगळंच गेलं.

आता खरी तक्रार. एडिशन ॲड-ऑन सगळे देते, पण कुठला कधी खेळायचा हे कुठेच सांगत नाही. दुसऱ्या भागात तर एकामागून एक निरोप येत राहतात आणि सगळे सारख्याच घाईचे वाटतात. त्यात सर्वांत घातक आहे रीपर आयएफएफ (ओमेगा-4 रिले पार करायला लागणारं यंत्र) आणण्याची मोहीम. ती झाली की आतल्या आत मोजणी सुरू होते. थोड्याच मोहिमांनंतर जहाजावरचे लोक पळवले जातात. त्यानंतर थेट ओमेगा-4 रिलेतून, म्हणजे शेवटच्या मोहिमेकडे नेणाऱ्या दारातून, गेलात तर सगळे वाचतात. मधे एक ते तीन मोहिमा केल्या तर निम्मे मरतात. त्याहून जास्त केल्या तर डॉक्टर चाकवास सोडून कोणी उरत नाही. पडद्यावर ना आकडा, ना इशारा. एवढ्या मोठ्या परिणामाची मोजणी खेळणाऱ्यापासून लपवणं मला अजिबात पटलेलं नाही.

म्हणून आयएफएफच्या आधी कासुमी, झाईद, ओव्हरलॉर्ड, शॅडो ब्रोकर हे ॲड-ऑन आणि सगळ्या सोबत्यांच्या लॉयल्टी मोहिमा (प्रत्येकाचं खाजगी काम) उरकून घ्या. मागे एकच काम ठेवा, लीजन या यंत्रमानव सोबत्याचं. तो आयएफएफमध्येच सापडतो. त्याला लगेच चालू करा आणि त्याची लॉयल्टी मोहीम त्याच दमात करा. जहाजाचं चिलखत, शील्ड आणि थॅनिक्स तोफ, तिन्ही अपग्रेड घेतलेच पाहिजेत. चिलखत नसेल तर जॅक ही सोबतीण वाटेतच मरते. यासाठी पॅलेडियम आणि प्लॅटिनम ढिगाने लागतं. ग्रह स्कॅन करण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळून चालत नाही. शेवटच्या मोहिमेत सोबत्यांना कामं वाटायची असतात: नळीत ताली, लीजन किंवा कासुमीला पाठवा. बायोटिक (मनाच्या शक्तीने उभारलेल्या) ढालीला जॅक किंवा समारा. दोन्ही वेळा तुकडीचा प्रमुख गॅरस चालतो. शेवटी दार राखायला मागे ग्रंट, झाईद असे दणकट गडी हवेत.

दुसऱ्या भागाच्या अरायव्हल या ॲड-ऑनबद्दल पहिल्या महिन्यात माझं मत 'सोडून द्या' असं होतं. छोटं आहे, आणि शेपर्डला, म्हणजे आपल्या नायकाला, एकट्याने जावं लागतं. ते मत मी मागे घेतो. तिसऱ्या भागाची सुरुवात त्याच्याशीच जोडलेली आहे. सोडलंत तर ते काम दुसऱ्या सैनिकांनी केलं असं धरलं जातं आणि तुमचं सैन्यबळ घटतं. ते हॉरायझनच्या मोहिमेनंतरच उघडतं, पण खेळा शेवटच्या मोहिमेनंतर, म्हणजे तिथून थेट तिसऱ्या भागात जाता येतं.

पहिल्या भागात एवढी कटकट नाही. ब्रिंग डाऊन द स्काय हे ॲड-ऑन आणि बाकीची छोटी कामं इलॉस ग्रहावरच्या मोहिमेआधी संपवा, पुढे परत येता येत नाही. वर्मायरच्या मोहिमेआधी रेक्स या सोबत्याचं घराण्याचं चिलखत शोधून द्या. बोलण्याचे गुण कमी असले तरी तो वाचतो.

तिसऱ्या भागात सिटाडेल या अंतराळ स्थानकावर पहिल्यांदा पोहोचलात की लगेच ईडन प्राइम ग्रहावर जाऊन जाविक या सोबत्याला घ्या आणि थेसियाच्या मोहिमेत त्याला सोबत न्या. तिथली त्याची वाक्यं चुकवण्यासारखी नाहीत. ग्रिसम अकॅडमीची मोहीम दिसली की पुढे ढकलू नका, जॅक तिथे असते आणि उशीर झाला तर ती हातची जाते. टुचांकाच्या मुख्य मोहिमेआधी तुरियन तुकडी आणि बॉम्बचं काम करा. रॅनोकच्या मुख्य मोहिमेआधी ॲडमिरल कोरिसला सोडवा. लेव्हायथन हे ॲड-ऑन थेसियाआधी खेळा. ओमेगा हे ॲड-ऑन वेळ असेल तेव्हा, मला त्याची कथा पातळ वाटली.

सिटाडेल ॲड-ऑन मात्र लवकर उघडतं म्हणून लवकर खेळू नका. सँक्च्युअरीची मोहीम झाल्यावर, सर्बेरस या शत्रू संघटनेच्या तळावर जाण्याआधी घ्या. तोवर जेवढे सोबती वाचवलेत तेवढे मेजवानीला येतात. तळाची मोहीम सुरू केली की ते दार बंद होतं.