देखाव्यातल्या साहेबाच्या कमरेला काय लावायचं: वेब्ली, एनफिल्ड की ब्राउनिंग?

यंदा गणपतीला सजीव देखावा म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या लढाईतली मराठा पलटण उभी करायची, असं आमच्या गल्लीतल्या पोरांनी ठरवलंय. रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून बेळगावातच आहे, त्यामुळे बघ्यांच्या गर्दीत एखादे निवृत्त सुभेदार असतातच आणि चूक त्यांच्या नजरेतून सुटत नाही. अडलं ते पिस्तुलापाशी. सुताराला लाकडी नमुना द्यायचा तर कुठला?

पोरांचा जीव वेब्ली मार्क ६ वर. दिसायला तेच दणकट: ६ इंची नळी, ०.४५५ इंचाची गोळी, वजन किलोभर. कळ दाबली की नळी पुढे खाली झुकते आणि सहाही रिकामी काडतुसं एकदम वर उचलली जातात. चिखलातही चालायचं म्हणून नावाजलेलं. पण हे १९१५ सालचं. कूटचा वेढा, मेसोपोटेमिया (आजचं इराक) असा पहिल्या महायुद्धाचा देखावा असेल तर डोळे झाकून हेच घ्या.

इटलीसाठी माझं मत एनफिल्ड नंबर २ ला. १९३२ पासून ब्रिटिश सैन्याचं अधिकृत रिव्हॉल्व्हर. नळी झुकवून उघडायची रीत वेब्लीसारखीच, गोळ्याही सहाच, पण गोळी ०.३८ इंचाची आणि वजन पाऊण किलोच्या आसपास. जड वेब्लीनं नेम धरायला नव्या माणसाला फार सराव लागायचा. हलक्या गोळीचा धक्का कमी, म्हणून हा बदल. १९३८ च्या सुधारित प्रकारात घोड्याचं, म्हणजे मागून काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीचं, वरचं टोकच उडवलेलं आहे, कारण रणगाड्यात चढता-उतरताना ते कुठंही अडकायचं. दिसायला थोडं बोडकं वाटतं. पोरांना आवडलं नाही. पण जुन्या वेब्लीही दुसऱ्या महायुद्धात वापरात होत्याच, त्यामुळे अगदीच हट्ट धरला तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

ब्राउनिंग हाय-पॉवर म्हणजे ९ मिलिमीटरचं, मुठीतल्या मॅगझिनमध्ये १३ गोळ्यांचं पिस्तूल. हातात घ्यायचं तर तिन्हींत हेच सरस. पण युद्धाच्या शेवटी ते मुख्यतः छत्रीधारी आणि कमांडो तुकड्यांकडे गेलं. इटलीतल्या मराठा पायदळाच्या कमरेला ते नको. पुढं ईशापूरच्या कारखान्यात याच घाटाचं आपलं ९ मिलिमीटर पिस्तूल बनलं. कारगिलचा देखावा केलात तर ते काढा.

आणि हे सगळं कुणाच्या कमरेला, ते आधी बघा. मागं एका मंडळानं सरसकट सगळ्या जवानांना पिस्तुलं वाटली होती, सिनेमातल्या दरोडेखोरांसारखी. पिस्तूल साहेबाकडे, नाहीतर ज्याचे दोन्ही हात दुसऱ्या कामात गुंतलेले, अशा रणगाड्यातल्या माणसाकडे. साध्या जवानाकडे रायफल आणि कमरेला संगीन. जुन्या संगिनीचं पातं १७ इंचांचं. १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे मशीनगनच्या मोर्चावर एकटे धावून गेले ते टॉमीगन, म्हणजे हातात धरायची छोटी मशीनगन, घेऊन. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून नळी धरून तिचाच दंडुका केला. नामदेव जाधवांच्या हातातही टॉमीगनच होती. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेल्या या दोघांना कमरेला रिव्हॉल्व्हर लावलंत तर सुभेदार तिथंच तोंडावर बोलतील, आणि बरोबर बोलतील.

खर्चाचं म्हणाल तर लाकडी एनफिल्ड एकच करा, तेही साहेबापुरतं. बघणाऱ्याला पंधरा फुटांवरनं दिसणार ती पिस्तूल ठेवायची कमरेची पिशवी. दुसऱ्या महायुद्धातली पिशवी जाड खाकी कापडाची, पहिल्यातली तपकिरी चामड्याची. ताडपत्री शिवणाऱ्याकडनं ती अर्ध्या दिवसात होते. रिव्हॉल्व्हरच्या मुठीतल्या कडीला खाकी दोरी बांधायला तेवढी विसरू नका.