काचबिंदूची फिल्ड टेस्ट: हम्फ्री, ऑक्टोपस, एफडीटी की व्हीआर हेडसेट?

फिल्ड टेस्ट म्हणजे समोर एकटक बघत राहायचं, आजूबाजूला दिवा चमकलेला दिसला की बटण दाबायचं, त्यावरून नजरेच्या घेरात कुठे कमी दिसतंय ते मशीन टिपतं. या चारही प्रकारच्या मशीनवर पेशंट बसवलेत म्हणून लिहितेय. नवीन मशीन आलंय, आता तिकडेच करा असं कुणी म्हटलं की लोक जुने रिपोर्ट घरी ठेवून निघतात, ते मला अजिबात पटत नाही.

हम्फ्री माझ्या मते अजूनही एक नंबर, कारण वर्षानुवर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवून नजर खरंच कमी होतेय का हे त्यात नीट दिसतं. त्यावरच्या नेहमीच्या २४-२ टेस्टमध्ये नजरेच्या घेरातल्या ५४ जागा तपासतात. सिटा स्टँडर्ड या पद्धतीने तपासलं तर एका डोळ्याला साधारण पाच-सात मिनिटं लागतात, सिटा फास्टर दोन-तीन मिनिटांत आटपते, त्यामुळे वयस्कर लोकांचे हाल खूप कमी झालेत. पण २४-२ मध्ये दोन जागांत ६ अंशांचं अंतर असतं, मधल्या नजरेतला छोटा डाग (कमी दिसणारी जागा) त्यातून निसटू शकतो, अशी शंका असेल तर फक्त मधली नजर बारकाईने तपासणारी १०-२ टेस्ट करायला सांगा, तिच्यात ६८ जागा २-२ अंशांवर असतात.

ऑक्टोपसही चांगलं मशीन आहे. त्याची टॉप पद्धत झटपट होते, पण ती शेजारच्या जागांच्या उत्तरांवरून अंदाज बांधते, त्यामुळे छोटा पण खोल डाग रिपोर्टमध्ये उथळ दिसू शकतो. आणि एमडीचा (नजर सरासरी किती कमी झालीय त्याचा) आकडा बघताना सांभाळा, हम्फ्रीत नुकसान वाढलं की तो उणे होत जातो आणि ऑक्टोपसमध्ये अधिक! दोन्हीकडचे रिपोर्ट घेऊन तुलना करत बसलात तर उगाच घाबराल, डेसिबलचे (किती मंद दिवा दिसतो त्याचे) आकडेसुद्धा थेट जुळत नाहीत.

एफडीटी म्हणजे लुकलुकणारे पट्टे दाखवणारं छोटं मशीन, अंधारी खोली लागत नाही, प्राथमिक तपासणीला झकास. वर्षानुवर्षांच्या फॉलोअपसाठी मात्र मी त्यावर विसंबणार नाही.

व्हीआर हेडसेटबद्दल मला मनापासून आनंद आहे, कारण मान आखडलेली माणसं, व्हीलचेअरवरचे पेशंट यांना हनुवटी टेकवून बसवणं म्हणजे त्यांचा छळच असतो. पण सगळे हेडसेट सारखे नसतात, त्या मॉडेलची तुलना हम्फ्रीशी केलीय का हे विचारा. पट्टा सैल असला आणि हेडसेट घसरला की रिपोर्ट गेला.

खरं सांगायचं तर रिपोर्ट बिघडतो तो जास्त करून बसवण्यात. वरची पापणी खाली आलेली असेल तर वरचा भाग काळा येतो, पापणी हलकेच टेपने वर धरून परत केली की कित्येकदा तो साफ होतो. चष्म्याची काच डोळ्यापासून लांब राहिली की कडेला काळी किनार येते. दिवा दिसला नाही तरी टकाटक बटण दाबणारे खूप असतात, असे फॉल्स पॉझिटिव्ह १५ टक्क्यांच्या वर गेले की तो रिपोर्ट धरू नका. आणि बाबांनो, पापणी मिटायला बंदी नाही, बटण दाबताना मिटा!

पहिल्याच टेस्टला खराब आलं म्हणून हबकू नका, सरावाने सुधारतं, डॉक्टर परत करून बघतातच. मशीन बदलावंच लागलं तर नव्यावर सुरुवातीला लागोपाठ दोन टेस्ट करून घ्या, पुढची तुलना त्यांच्याशीच करा, आणि जुनी फाईल प्रत्येक वेळी सोबत न्या.